गंज गेला कुठे?

पत्र:

"नमस्कार. सात महिन्यांपासून मी लेसर क्लीनिंगच्या मशीनवर आहे. हातात धरायची गन, १५०० वॅट, कंटिन्युअस. जुने पाइप, मशिनांच्या फ्रेमा, जाळ्या असा माल येतो. गंज आणि जुना रंग काढून द्यायचा. मशीनसोबत एक हिरवा चष्मा आला होता, त्यावर '२००–२००० एनएम' एवढंच छापलंय. तो मी वापरतो. हेल्पर माल धरतो, त्याला चष्मा नाही, तो तोंड फिरवून उभा राहतो. तेलकट माल तो आधी थिनरने पुसून देतो. मागच्या आठवड्यात एक पट्टी साफ होत आली होती, मी नीट बघायला म्हणून चष्मा कपाळावर सरकवला आणि गन पुन्हा चालवली. डाव्या डोळ्यात काहीतरी लखकन झालं. तेव्हापासून वाचताना मधलंच एखादं अक्षर पुसट दिसतं. दुखत अजिबात नाही. दुसरं म्हणजे, संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. जीआय पाइपांचं काम असलं की रात्री थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरलेला असतो. शेठ म्हणतात, यात ना ॲसिड ना वाळू, हे सगळ्यात स्वच्छ काम आहे, उगाच घाबरू नकोस. आता ते १०० वॅटचं पल्सवालं छोटं मशीनही आणणार आहेत, ते सेफ असतं म्हणे. चष्मा कोणता घेऊ? मास्क पुरेल का? शेठला कसं सांगू? घरी दोन वर्षांची मुलगी आहे, नोकरी सोडणं जमणार नाही. — एक ऑपरेटर"

उत्तर:

आधी डोळ्याचं बघू. खालचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच जा. चष्म्याचा नंबर काढून देणाऱ्याकडे नको, दृष्टिपटल म्हणजे रेटिना तपासणाऱ्याकडे. जाताना एका कागदावर लिहून न्या: फायबर लेसर, १५०० वॅट, कंटिन्युअस, तरंगलांबी किती (मशीनच्या मागच्या पाटीवर असते), कोणत्या दिवशी काय झालं, किती अंतरावरून झालं आणि चष्मा नव्हता. हे सांगितलं नाही तर डॉक्टर समोरचा भाग पाहून थेंब देतील आणि तुम्ही समाधानाने परत याल. "लेसर लागलाय असं वाटतं, पडदा तपासा" असं स्पष्ट म्हणा. बाहुली मोठी करून तपासतील, बहुधा ओसीटी नावाचं स्कॅन करतील. बाहुली मोठी केल्यावर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गनला हात लावू नका. यावर माझ्याशी वाद घालू नका.

तोवर घरी एवढं करून बघा. गणिताच्या वहीचं चौकटीचं पान घ्या, मधोमध पेनाने ठिपका काढा, उजवा डोळा झाका आणि डाव्याने त्या ठिपक्याकडे बघा. आजूबाजूच्या रेघा वाकलेल्या दिसल्या किंवा एखाद्या जागी गायब झाल्या तर तेही डॉक्टरांना सांगा. तसं काही दिसलं नाही तरी जायचंच आहे.

तुम्ही लिहिता, दुखत अजिबात नाही. मला काळजी वाटते ती याच वाक्याची. दृष्टिपटलाला वेदना कळवणाऱ्या नसाच नाहीत. डोळ्याच्या वरच्या भागात धुळीचा कण गेला तर माणूस नाचतो, आत पडद्यावर भाजलं तर कळतही नाही. तुमच्या मशीनचा प्रकाश साधारण १०६० ते १०९० नॅनोमीटरचा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याच्या भिंगातून आरपार जातो. डोळ्याचं भिंग आपलं काम इमानदारीने करतं: आलेला किरण गोळा करून पडद्यावर बारीक ठिपक्यात आणतं. बुबुळावर जेवढी तीव्रता पडते त्याच्या सुमारे एक लाख पट तीव्रता मागे पडद्यावर होते. दिसणारा प्रकाश असता तर पाव सेकंदात पापणी मिटली असती. इथे मिटायला कारणच नसतं. काम करताना दिसणारी ठिणगी आणि निळसर चमक ही जळणाऱ्या गंजाची, लेसरची नव्हे. त्यामुळे "चमक नव्हती म्हणजे लेसर नव्हता" हा हिशेब चुकतो.

आणि अपघात नेमका पट्टी साफ होत आल्यावर का झाला? गंज आणि काळा रंग लेसर पितात, म्हणून तर ते तापून उडतात. खालचं स्वच्छ धातू मात्र तोच प्रकाश परत फेकतं. या तरंगलांबीला स्वच्छ लोखंड साठ टक्क्यांच्या आसपास परत फेकतं, ॲल्युमिनियम नव्वदच्या वर, तांबं त्याहूनही जास्त. या कामाचा जन्मच या गुणातून झालाय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ॲस्मस हे शास्त्रज्ञ व्हेनिसमधल्या झिजत चाललेल्या दगडी मूर्तींची लेसरने नोंद करायला गेले होते. तिथे त्यांना आढळलं की दगडावरचा काळा थर लेसर शोषून उडून जातो आणि खालचा पांढरा दगड प्रकाश परावर्तित करून आपोआप वाचतो. मूर्तीच्या दृष्टीने ही केवढी सोय! पण परत फेकलेला प्रकाश कुठेतरी जातोच. तुमच्या हातून काम जसजसं चांगलं होतं तसतसा समोरचा तुकडा आरसा बनत जातो, आणि माणूस नेमका तेव्हाच वाकून, चष्मा सरकवून बघतो. गोल पाइपावर किरण पसरतो तरी, पण खोलगट भाग, साच्याची पोकळी, कापलेल्या पाइपाची आतली बाजू असेल तर परावर्तित किरण पुन्हा एकवटू शकतो. असा माल सगळ्यात वाईट समजा. साफ झालंय का हे बघायचं असेल तर ट्रिगर सोडा, किल्ली बंद करा, मग चष्मा काढा. हा क्रम बोटांना लागायला हवा.

किती अंतर सुरक्षित? मी ढोबळ आकडेमोड केली. पुढच्या लेन्सचं नाभीय अंतर ४०० मिलिमीटर आणि तिच्यावर पडणारा किरण १० मिलिमीटर जाडीचा धरला, किरण एका जागी थांबलाय असं मानलं, आणि डोळ्याला दहा सेकंदांसाठी चालणारी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट घेतली, तर १५०० वॅटचा थेट किरण सुमारे २५० मीटरपर्यंत धोक्याचा राहतो. आरशासारख्या पट्टीवरून उडालेल्याचंही तसंच. अडीचशे मीटर लांबीचं शेड कुणाकडे असतं? आता खडबडीत पृष्ठभागावरून सगळीकडे विखुरलेला प्रकाश धरा, जो लोकांना निरुपद्रवी वाटतो. पडलेल्यातला साठ टक्के परत आला तरी जवळपास अडीच मीटरपर्यंत तो त्या मर्यादेच्या वर असतो. तुमचा हेल्पर माल हातात धरून उभा आहे, म्हणजे हातभर अंतरावर. लेसरच्या वर्गवारीत चौथा वर्ग अर्ध्या वॅटपासून सुरू होतो आणि विखुरलेलं परावर्तनही धोक्याचं असू शकतं हे त्या वर्गाच्या वर्णनातच आहे. तुमचं मशीन त्या उंबऱ्याच्या तीन हजार पट आहे. तोंड फिरवून काही होत नाही. ज्या भिंतीकडे त्याने तोंड फिरवलं तिथे चकचकीत पत्रा नसेल कशावरून? शिवाय माणूस मधे एकदा तरी वळून बघतोच. त्याला आजच्या आज माल धरण्यातून मोकळं करा. माल शिकंज्यात धरायचा, क्लॅम्पने धरायचा, टेबलाला बांधायचा, हाताने नाही. डोळा बाजूला ठेवला तरी या किरणाखाली बोट आलं तर कातडीच्या आतपर्यंत भाजतं.

आता चष्मा. "२००–२००० एनएम" वाचून मला हसू आलं आणि मग राग. माणसाला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. चष्मा खरोखर २०० ते २००० मधलं सगळं अडवत असता तर तुम्हाला त्यातून काहीच दिसलं नसतं, डोळ्याला पट्टी बांधल्यासारखं झालं असतं. तुम्हाला दिसतंय, म्हणजे छापलेलं खोटं आहे किंवा अर्धवट आहे. कुठल्या लांबीला किती अडवतो हे ज्यावर लिहिलेलं नाही तो रंगीत प्लास्टिकचा तुकडा. काचेचा रंग काहीही सांगत नाही, हिरवा दिसतो म्हणून चष्मा लेसरचा होत नाही. काळा गॉगल तर उलट वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि न दिसणारा प्रकाश आत घ्यायला दार उघडं मिळतं. वेल्डिंगची काच आणि ऑटो-डार्क हेल्मेटही नको. ती आर्कच्या प्रकाशासाठी तपासलेली असते, हजार वॅटच्या किरणासाठी नव्हे.

खऱ्या चष्म्यावर, युरोपच्या ईएन २०७ मानकाप्रमाणे, काचेवरच कोरलेलं असतं: आधी तरंगलांबी, मग एक अक्षर, मग एलबी आणि आकडा. डी म्हणजे कंटिन्युअस, अखंड चालणारा किरण; आय आणि आर म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या पल्स, तुटक झटके. एलबीपुढचा आकडा म्हणजे दहाच्या किती घातांनी प्रकाश कमी होतो ते: एलबी ६ मधून दहा लाखावा हिस्सा जातो, एलबी ७ मधून कोटीवा. आणि तेवढ्या तीव्रतेचा मारा काही सेकंद काच फुटल्या-वितळल्याशिवाय सोसते, हेही त्यात तपासलेलं असतं. नुसता ओडी, म्हणजे प्रकाश किती अडवतो एवढाच आकडा, लिहिलेल्या चष्म्यात या दुसऱ्या गोष्टीची हमी असेलच असं नाही. तुमच्या १५०० वॅटचा १० मिलिमीटर जाडीचा किरण धरला तर हिशेब डी एलबी ७ पर्यंत जातो. एक फसगत सांगतो: बऱ्याच कंटिन्युअस फायबर मशीनची लांबी १०८० नॅनोमीटर असते आणि बाजारातल्या पुष्कळ चष्म्यांवर फक्त १०६४ कोरलेलं असतं. सोळा नॅनोमीटरने काय फरक पडतो असं म्हणू नका. काचेवर लिहिलेल्या तरंगलांबीत तुमचा आकडा बसलाच पाहिजे. पाटीवरचे आकडे आणि लेन्सची माहिती चष्मा विकणाऱ्याला पाठवा आणि कोणता चष्मा चालेल ते त्याच्याकडून लेखी घ्या. लेखी द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. बाजूने बंद असलेला घ्या, नंबरचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा. ओरखडा, तडा, जळाल्याचा डाग दिसला की तो गेला. आणि दोन घ्या, कारण आत दोन माणसं आहेत.

पण चष्मा हा शेवटचा उपाय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुमचा स्वतःचा अपघात चष्मा असताना झाला, फक्त तो कपाळावर होता. म्हणून किरण जिथे आहे तिथेच कोंडायचा. मशीनभोवती खोली करा: पत्र्याची, आतून काळपट खरखरीत रंगाची, फटी नसलेली, वरून उघडी नाही. वेल्डिंगला लावतात तो लाल-केशरी प्लास्टिकचा पडदा इथे शोभेचा. कापडी पडदा लावायचाच तर लेसरच्या त्या ताकदीसाठी तपासलेला असावा. आतला पत्रा चकचकीत ठेवला तर आरसेमहाल होईल.

मी स्वतः एका वर्कशॉपमध्ये होतो तेव्हा आमच्याकडे अशी खोली नव्हती. मशीन कोपऱ्यात, "त्या बाजूला कुणी जात नाही" या भरवशावर. एके दिवशी बारा-पंधरा पावलांवर ठेवलेल्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपाला पाण्याची बारीक धार लागलेली दिसली. बघितलं तर साधारण छातीच्या उंचीवर नखाएवढा वितळलेला खड्डा, मधोमध सुईएवढं भोक. कुणी, कधी, कोणत्या पट्टीवरून किरण उडवला, कुणालाच सांगता येईना. त्या पिंपातून आम्ही सगळे दिवसातून दहा वेळा वाकून पाणी घ्यायचो. त्या दिवसापासून मी भिंती बघायला शिकलो. तुम्हीही बघा: मशीनच्या आसपास भिंतीवर, केबलवर, फायबरच्या नळीवर, स्विचबोर्डावर तपकिरी ठिपके आहेत का. तिथपर्यंत किरण पोहोचलेला आहे.

खोली झाली की तिचा दरवाजा मशीनला जोडायचा. मशीनच्या मागच्या पॅनेलवर बाहेरच्या इंटरलॉकसाठी, म्हणजे किरण आपोआप बंद करणाऱ्या स्विचसाठी, दोन टर्मिनल असतात. बऱ्याच ठिकाणी त्या दोन टर्मिनलांत बोटाएवढी एक वायर अडकवलेली सापडते. ती वायर म्हणजे "दरवाजा बंद आहे" असं मशीनला कायमचं सांगून ठेवलेलं खोटं. ती काढून तिथे दाराचा स्विच यायला हवा: दार उघडलं की किरण बंद. असंच खोटं मशीनच्या वायरला असलेल्या, मालाला लावायच्या क्लॅम्पबाबत बोललं जातं (माल धरायचा क्लॅम्प वेगळा). हातातल्या गनच्या काही मशिनांत नॉझल धातूला टेकल्याशिवाय किरण निघत नाही अशी व्यवस्था असते. पण सफाईच्या वेळी गन मालापासून दूर धरायची असते, म्हणून लोक क्लॅम्प गनलाच लावून ती पळवाट काढतात. तुमच्या मशीनला सफाईसाठी वेगळी व्यवस्था काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. ट्रिगर दोन टप्प्यांचा हवा, आणि किरण हलवून त्याची रेघ करणारा गनमधला आरसा अडकला तर मशीनने आपणहून बंद व्हायला हवं. नाहीतर पसरलेली रेघ एका ठिपक्यात गोळा होते. आयएसओ ११५५३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात हातात धरायच्या लेसर उपकरणांच्याच सुरक्षेची मागणी आहे. शेठनी नवीन मशीन घेताना विक्रेत्याला हा आकडा विचारावा.

आता शेठच्या "सगळ्यात स्वच्छ काम" या वाक्याकडे. वाळू मारली की ढीग दिसतो, ॲसिडचं पाणी दिसतं. लेसरने साफ केलं की खाली काहीच पडत नाही आणि सगळे खूश. मग गंज गेला कुठे? रंग गेला कुठे? हवेत गेला. वाफ झाला, थंड होऊन बारीक कण झाला, त्यातला बराच भाग एका मायक्रॉनहून लहान, काही तर शंभर नॅनोमीटरच्याही खाली. असे कण जमिनीवर लवकर बसत नाहीत, तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. नाकातून काळं येतं ते जाडं, वरच अडकलेलं. मला काळजी न दिसणाऱ्याची आहे. खात्री करायची असेल तर दिवसअखेर पांढरं ओलं फडकं घेऊन मशीनच्या वरच्या ट्यूबलाइटवरून एकदा फिरवा. ते फडकं शेठना दाखवायला ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या, पाइपाच्या रात्रीच्या तापाचं वर्णन वाचून मला धातूच्या धुराचा ताप आठवला, जस्ताचा ऑक्साइड श्वासात गेल्याने येतो तो. काही तासांनी थंडी, अंगदुखी, तोंडाला धातूची चव. एक-दोन दिवसांत उतरतो. रोज संपर्क असला तर शरीर थोडं निर्ढावतं, आणि सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा जोरात येतो. हा ताप उतरतो म्हणून सगळे त्याला सोडून देतात. पण जस्ताचा धूर जिथून गेला त्याच वाटेने बाकीचंही गेलेलं असतं. डॉक्टरांना "जस्त चढवलेल्या पाइपाचा धूर" असं सांगा, नाहीतर मलेरियाची तपासणी करत बसतील. छाती भरून आली, दम लागला, ताप उतरलाच नाही, तर तो साधा ताप समजू नका.

आणि जुना रंग. जुन्या लोखंडाला खाली शेंदरी प्राइमर लागलेला असेल तर तो शिशाचा असू शकतो. पिवळट-हिरवट असेल तर क्रोमेटचा. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने आठ तासांसाठी हवेतल्या शिशाची मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे आणि क्रोमेटमधल्या सहा-संयुजी क्रोमियमची फक्त ५. म्हणजे ग्रॅमचा लाखावा हिस्सा, त्याच्याही अर्ध्याएवढा. स्टेनलेस स्टीलवरही हेच क्रोमियम उडू शकतं. रबर, टेफ्लॉन, पीव्हीसी, पॉलियुरेथेन असलं काही लागलेलं असेल तर विषारी वायू निघतात. टेफ्लॉनमधून फ्लोरीनची, पीव्हीसीमधून क्लोरीनची आम्लं. माल आला की आधी विचारा, यावर काय लावलं होतं? उत्तर मिळालं नाही तर रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत तो माल बाजूला. ॲसबेस्टॉस असलेला जुना लेप असू शकेल अशा मालाला तर हातच लावू नका.

तुम्ही मुलीचं लिहिलंत म्हणून सांगतो: शिसं कपड्यांवरून, केसांवरून, बुटांवरून घरी जातं. लहान मुलांच्या मेंदूला ते फार थोड्या मात्रेतही त्रास देतं. कामाचे कपडे कामावरच राहू द्या, वेगळे धुवा, हातपाय-तोंड धुऊन, जमलं तर आंघोळ करूनच मुलीला जवळ घ्या. मशीनजवळ खाणं-पिणं बंद. आणि एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साधी रक्ताची चाचणी असते. हेल्परचीही.

मास्क पुरेल का? नाही. मास्कच्या आधी शोषण. धूर निघतो तिथेच ओढून घेणारी नळी हवी, गनपासून थोड्याच अंतरावर, किरण जिकडे धूर ढकलतो त्या बाजूला. नळीचं तोंड लांब गेलं की ओढ झपाट्याने मरते. तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरावर गेलं तरी वेग जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून छतातला पंखा किंवा भिंतीतला एक्झॉस्ट हे काम करत नाही. तो फक्त धूर तुमच्या नाकावरून फिरवून बाहेर नेतो. नळीमागे आधी ठिणगी अडवणारा भाग, मग जाडं फिल्टर, मग अतिबारीक कण अडवणारं हेपा फिल्टर, आणि वायूंसाठी कोळशाचं फिल्टर. ॲल्युमिनियमचा माल असेल तर त्याची बारीक धूळ पेट घेते, स्फोटही करू शकते. लोखंड आणि ॲल्युमिनियमची धूळ एकाच डब्यात गोळा करू नका, आणि त्या यंत्राबाबत आधी जाणकाराला विचारा. खाली पडलेलं झाडूने झाडायचं नाही, कॉम्प्रेसरच्या हवेने तर नाहीच. हेपा असलेल्या व्हॅक्युमने किंवा ओल्या फडक्याने.

याच्यावर मास्क. एन ९५ मधलं एन म्हणजे तेलाला न टिकणारा, आणि तुमचा माल तेलकट येतो. कणांसाठी पी १०० किंवा पी ३ फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घ्या, वायूंची शंका असेल तर त्याला योग्य कार्ट्रिज. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते. मास्क बसवून दोन्ही फिल्टरवर तळहात ठेवा आणि श्वास ओढा. चेहऱ्यावर चिकटून राहिला तर बसला.

किरणोत्सर्गी सामान साफ करायलाही लेसर वापरतात. अणुभट्टी मोडताना धातूवरचा पातळ ऑक्साइडचा थर उडवतात, कोबाल्ट-६० सारखं द्रव्य त्या थरात अडकलेलं असतं. तिथे बंद खोली, आत उणा दाब, यंत्राकडून चालवलेली गन, आणि फिल्टर स्वतःच किरणोत्सर्गी कचरा म्हणून मोजून-नोंदून बाजूला ठेवतात. द्रव्य धातूवरून फिल्टरमध्ये गेलंय, एवढंच, हे तिथल्या लोकांना पक्कं माहीत असतं. तुमच्याकडे मोजायला काउंटर नाही इतकाच फरक. शिशाचा रंग उडवलेलं फिल्टर हा विषारी कचरा आहे. ते बदलणं हे तुमच्या आठवड्यातलं सगळ्यात घाण काम. तेव्हा मास्क घालूनच बदला, झटकू नका, पिशवीत बंद करून चिठ्ठी लावा.

थिनरचं फार लांबवत नाही. थिनरने पुसलेला माल पूर्ण वाळल्याशिवाय गन लावायची नाही, आणि थिनरचा डबा व बोळे त्या खोलीत ठेवायचेच नाहीत. बंद पाइप, पिंप, टाकी यांना दोन्हीकडून उघडल्याशिवाय आणि आत काय होतं ते कळल्याशिवाय हात नको. पातळ पत्र्याच्या मागे काय आहे ते बघून घ्या. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचं. अंगठी, घड्याळ काढून.

शेठना कसं सांगायचं? "मला भीती वाटते" असं सांगू नका, त्याला "घाबरू नकोस" हे उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवलंय. त्यांना दाखवायला घेऊन जा: मागच्या पॅनेलवर ती बोटाएवढी वायर सापडली तर ती, ट्यूबलाइटवरचं काळं फडकं, भिंतीवर ठिपके सापडले असतील तर ते, आणि डॉक्टरचा कागद. एकेक करून, शांतपणे. मग मागा, पण सगळं एकदम नको. पहिल्या दिवशी फक्त दोन गोष्टी, ज्यांना खर्च जवळजवळ नाही: हेल्परने माल धरायचा नाही, आणि मशीन चालू असताना त्या भागात दुसरं कुणी नाही. मग चष्मे. मग खोली आणि शोषण. लेसरची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असावी, किल्ली त्याच्याकडे. मोठ्या ठिकाणी त्याला लेसर सेफ्टी ऑफिसर म्हणतात. शेठना हेही सांगा की धुरातून गनच्या काचेवर बसणारी काजळी तापून काच फोडते. शोषण लावलं की त्यांच्या काचा जास्त दिवस टिकतील. मालकांना कधीकधी माणसाच्या फुप्फुसापेक्षा काचेचा हिशेब लवकर कळतो. कडू आहे, पण उपयोगी पडलेलं पाहिलंय. जे मागाल ते तारखेसह लिहून द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. डोळ्याचं नुकसान निघालं तर तो कागद लागेल.

राहिलं ते शंभर वॅटचं पल्स मशीन. सेफ नाही. माल कमी तापतो, पातळ कामाला चांगलं आहे, खोली करायला सोपं, हे खरं. पण सेकंदाला एक लाख पल्स धरल्या तर शंभर वॅटमध्ये प्रत्येक पल्सला एक मिलिज्यूल ऊर्जा येते, आणि ती शंभर नॅनोसेकंदांत आली तर त्या क्षणाची ताकद दहा हजार वॅट होते. डोळ्यात जाऊ शकणाऱ्या एका पल्सच्या मर्यादेच्या हे शेकडो पट आहे. एकच पल्स पुरते. आवाजही कर्कश असतो, कानात बोळे लागतील. आणि चष्मा वेगळा: तिथे काचेवर आर अक्षर आणि त्याचा आकडा बघायचा, तुमच्या मोठ्या मशीनचा नुसता डीवाला त्याला चालेल असं धरू नका. दोन्ही मशीन एका शेडमध्ये आली तर चष्म्यांच्या डब्या वेगळ्या रंगाच्या करा, मशीनवर त्याच रंगाची पट्टी लावा, आणि एका वेळी एकच मशीन चालू ठेवा.